तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विमानाच्या तिकिटावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव जुळले पाहिजे, हा नियम ज्या रीतीने राबवला जातो त्याविषयी आपल्या दैनिकातून काही मांडण्याची परवानगी घेते. मी मुंबईतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षे लिपिक होते. जनरल रजिस्टरमध्ये मुलांची नावे चढवणे, शाळा सोडल्याचे दाखले लिहिणे आणि दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरताना प्रत्येक मुलाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग ठरवणे हे माझे काम होते. नावांतील अक्षरांशी माझा संबंध त्यामुळे जुना आहे, आणि या विषयावर लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे असे वाटते.

फेब्रुवारी महिन्यात माझी थोरली बहीण आणि मी उत्तरेकडे तीर्थयात्रेला गेलो होतो. ताईचे वय चौऱ्याहत्तर, नाव ज्ञानदा. आधार कार्डावर तिच्या नावाची इंग्रजी अक्षरे ‘डी-एन-वाय’ अशी सुरू होतात, तर तिकिटावर ती ‘जी-वाय’ अशी पडली. तिकीट माझ्या भाच्याने काढून दिले होते. तो वीस वर्षे दिल्लीत नोकरीला आहे, आणि तिकडे ‘ज्ञ’चा उच्चार ‘ग्य’ होत असल्याने हाताला तेच वळण लागले आहे. जाताना मुंबईत कोणीही हरकत घेतली नाही. परतीच्या वेळी त्या गावच्या विमानतळावर दारावरच्या जवानाने कार्ड पाहिले, ताईच्या चेहऱ्याकडे पाहिले, तिकिटावर बोट ठेवून दोन्ही स्पेलिंगे वाचली, तिला जन्मसाल विचारले आणि आत सोडले. अडवले ते विमान कंपनीच्या काउंटरवर, बॅग देताना. नाव जुळत नाही, हा सुरक्षेचा प्रश्न आहे, असे सांगण्यात आले. मग दुरुस्ती करून द्या म्हटल्यावर, प्रवासाच्या दिवशी दुरुस्ती होत नाही, नवे तिकीट घ्यावे लागेल, असे उत्तर मिळाले. विमान सुटायला सव्वा तास राहिला होता. आम्ही ९,४०० रुपये भरले आणि त्याच विमानाचे दुसरे तिकीट घेतले. जुन्या तिकिटाचे कर तेवढे नंतर परत मिळाले.

ताईची बॅग, तिचे कार्ड, तिचा चेहरा आणि तिचे विमान, यांतले काहीही वीस मिनिटांत बदलले नव्हते. तिच्या ओळखीविषयी खरोखर शंका असती, तर तिला दुसरे तिकीट विकणेही चुकीचे ठरले असते आणि सुरक्षा दलाला कळवणे त्या कर्मचाऱ्याचे कर्तव्य झाले असते. तसे झाले नाही, कारण शंका कोणालाच नव्हती. ज्या दलावर विमानतळाच्या सुरक्षेची जबाबदारी आहे त्याच्या जवानाने ओळख पटवून आत सोडलेल्या वृद्ध बाईला सुरक्षेचे कारण सांगून पुन्हा पैसे भरायला लावणे, हे मला अन्यायाचे वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे की ओळख पटवण्यात कितीही कडकपणा असू द्यावा, पण माणूस तोच आहे हे पटल्यावर स्पेलिंगच्या फरकावर पैसे आकारले जाऊ नयेत.

नियम मुळात अनाठायी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. नावे का तपासायची याचे सर्वांत दुःखद उत्तर आपल्याच देशाच्या विमानाने दिलेले आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर स्फोटाने फुटले आणि ३२९ माणसे गेली. त्या कटासाठी व्हँकुव्हरमध्ये दोन तिकिटे काढण्यात आली होती. आधी पूर्ण नावांनी आरक्षण झाले, आणि पैसे रोख भरताना ती नावे बदलून ‘एम. सिंग’ आणि ‘एल. सिंग’ एवढीच ठेवण्यात आली. ‘एम. सिंग’ या नावाची बॅग टोरांटोमार्गे पुढे पाठवली गेली, पण त्या नावाचा माणूस विमानात बसलाच नाही. दुसऱ्या तिकिटावरची बॅग त्याच दिवशी टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर फुटली आणि सामान हाताळणारे दोन कामगार ठार झाले. प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅगही उतरवायची, हा आज सर्वत्र पाळला जाणारा दंडक त्यानंतरच खऱ्या अर्थाने कडक झाला. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेल्या आपल्या विमानाचे अपहरण झाले आणि ते कंदाहारला नेण्यात आले, त्यानंतर २००० सालापासून देशातील विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आले. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत अपहरण झालेले पॅन अ‍ॅमचे विमान तर मुंबईहूनच निघालेले होते, आणि अपहरणकर्ते तिकीट काढून आलेले प्रवासी नव्हते, ते सुरक्षारक्षकांच्या वेशात गाडीतून विमानापर्यंत पोहोचले होते. तपासणीची रांग लांबली म्हणून मुंबईकर सहसा तक्रार करत नाही, आणि त्याने ती करूही नये.

मात्र या घटना नीट वाचल्या, तर धोका ‘ज्ञ’ कसा लिहिला यात नव्हता हे दिसते. धोका माणूस आणि बॅग यांचा मेळ नसण्यात होता, किंवा ज्याची ओळख कोणी तपासलीच नाही अशा माणसात होता. नाव हे माणसापर्यंत पोहोचण्याचे एक साधन आहे, आणि साधनाला साधनाएवढेच महत्त्व मिळावे.

नावे न जुळण्याचे सगळे प्रकार सारखे नसतात, हे काउंटरवर बसणाऱ्या माणसाला कोणीतरी लेखी सांगण्याची गरज आहे. एक प्रकार स्पेलिंगचा. ‘लक्ष्मी’मधील ‘क्ष’ कोणी ‘के-एस-एच’ लिहितो, कोणी ‘एक्स’ने. ‘ऋषिकेश’ कोणाच्या कागदावर ‘आर’पासून सुरू होतो, तर कोणाच्या ‘एच’पासून. ‘वैशाली’च्या शेवटी एक ‘आय’ की दोन ‘ई’, ‘पाटील’मध्ये ‘आय’ की दोन ‘ई’, याला शास्त्र नाही. या स्पेलिंगांचा उगम बहुतेक वेळा शाळेच्या कार्यालयात असतो हे मी स्वतःच्या हातांच्या अनुभवावरून सांगते. दहावीच्या अर्जावर मी जे स्पेलिंग लिहिले तेच गुणपत्रिकेवर छापले गेले, आणि तेच पुढे पॅन कार्डावर व पासपोर्टवर गेले. आधार कार्ड मात्र कुठल्याशा शिबिरात घाईने काढले गेले, आणि तिथल्या ऑपरेटरने त्याला सुचले तसे लिहिले. आई-वडिलांना दोन्ही वेळा विचारले गेले होते, पण ज्यांचा इंग्रजीशी संबंध नाही त्यांनी काय सांगायचे? चूक कोणाची म्हणाल तर आम्हा लिहिणाऱ्यांची अधिक, आणि पैसे मात्र त्या मुलाला तिशीत आणि त्याच्या आईला सत्तरीत भरावे लागतात.

दुसरा प्रकार नावाच्या भागांचा. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. विमान कंपन्यांच्या आरक्षणाच्या अर्जात बहुधा दोनच रकाने असतात. मधले नाव कोणी पहिल्या रकान्यात घालतो, कोणी गाळतो. कोणाच्या कार्डावर ‘राव’ किंवा ‘बाई’ नावाला चिकटलेले असते आणि तिकिटावर नसते. काही संगणकप्रणालींत तर श्रीयुत या अर्थाची ‘एम-आर’ ही दोन अक्षरे नावाच्या शेवटी जोडूनच छापली जातात, आणि ती पाहून वडीलधारी माणसे उगाच धास्तावतात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अडचण अधिक गंभीर होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटक व्हिसावर प्रवेश मिळणार नाही असे जाहीर केले, आणि नंतर पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असल्यास ते ग्राह्य धरले जाईल असा खुलासा केला. पासपोर्टचे नूतनीकरण करताना ज्यांचा तो रकाना रिकामा आहे त्यांनी तो जरूर भरून घ्यावा.

तिसरा प्रकार खरोखर वेगळ्या नावाचा, आणि तो जवळजवळ पूर्णपणे बायकांच्या वाट्याला येतो. लग्नात तांदळात अंगठीने नवे नाव लिहिण्याची पद्धत आपल्या अनेक घरांत होती आणि काही घरांत अजून आहे. सासरी सगळे ‘सुनंदा’ म्हणतात, रेशन कार्डावर ‘सुनंदा’, बँकेत ‘सुनंदा’, पण शाळेच्या दाखल्यावर आणि म्हणून पासपोर्टवर ‘कुसुम’ असते. हौसेने सासरच्या नावाने तिकीट काढले की नवी सून विमानतळावर अडकते. या बाबतीत जवानाने अडवले तर त्याला दोष देता येणार नाही, कारण दोन वेगळी नावे म्हणजे त्याच्या दृष्टीने दोन वेगळी माणसे असू शकतात. राजपत्रातील नावबदलाची जाहिरात किंवा विवाह नोंदणीचा दाखला जवळ बाळगणे हाच त्यावर उपाय. पासपोर्टच्या अर्जासाठी विवाह नोंदणीचा दाखला जोडण्याची सक्ती केंद्र सरकारने डिसेंबर २०१६ मध्ये काढून टाकली, आणि लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असेही कोणत्याही कायद्यात नाही. माझ्याकडे दाखल्यासाठी येणाऱ्या माजी विद्यार्थिनींना मी हे नेहमी सांगत असे. पण ज्यांची नावे पन्नास वर्षांपूर्वी घरच्यांनी बदलली, त्यांना आता कुठे-कुठे पाठवणार? आधारमधील नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळते.

पहिल्या दोन प्रकारांत, आपल्या राज्यात तरी, खात्री करून घेण्याचा एक साधा मार्ग कार्डावरच छापलेला आहे. महाराष्ट्रातील आधार कार्डावर नाव इंग्रजीबरोबर मराठीतही असते. ‘ज्ञानदा’ हे देवनागरीत एकाच प्रकारे लिहिले जाते. हिंदी वाचता येणारा देशातील कोणताही जवान किंवा कर्मचारी ते वाचू शकतो, आणि ‘डी-एन-वाय’ व ‘जी-वाय’ ही त्याच एका अक्षराची दोन रूपांतरे आहेत हे त्याला क्षणात कळते. त्या दिवशी दारावरच्या जवानाने नेमके हेच केले असावे. काउंटरवरील कर्मचाऱ्याला मी ती ओळ दाखवली, तेव्हा आम्ही फक्त इंग्रजी पाहतो असे तो म्हणाला. देवनागरीतील ओळ ग्राह्य धरावी अशी एक ओळीची सूचना नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने काढली तर हजारो मराठी, हिंदी आणि नेपाळी नावांच्या प्रवाशांची कटकट मिटेल.

हा प्रश्न पुढे वाढणार आहे, म्हणून आताच लिहिणे मला आवश्यक वाटले. आपल्या राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये असा निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांचे नाव शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावे. आईचे नाव मुलाच्या नावाशी जोडले जावे यासाठी आमच्या पिढीतील बायकांनी फार वाट पाहिली आहे, आणि या निर्णयाचे मी मनापासून स्वागत करते. पण पासपोर्टच्या खालच्या बाजूला यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतली प्रत्येक ओळ आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकानुसार ४४ अक्षरांची असते. पहिल्या ओळीतील पाच जागा कागदपत्राचा प्रकार आणि देशाचे नाव यांत जातात, म्हणजे नावाला ३९ उरतात. आता ‘ज्ञानेश्वरी मीनाक्षी पुरुषोत्तम क्षीरसागर’ असे एखादे नाव घ्या. इंग्रजीत त्याची अक्षरेच ४१ होतात, आणि मधली चिन्हे धरली तर ४५. यंत्रासाठी ते कुठेतरी कापावे लागणारच, आणि मानकात तशी मुभाही आहे. तिकिटावर एक, पासपोर्टच्या छापील रकान्यात दुसरे आणि यंत्राच्या ओळीत तिसरे असे एकाच मुलीचे नाव दिसणार असेल, तर ‘तंतोतंत’ या शब्दाचा अर्थ कोणीतरी ठरवून द्यायला हवा.

आंतरराष्ट्रीय प्रवासात काटेकोरपणा अधिक लागतो हे मला मान्य आहे. प्रवाशाची माहिती विमान निघण्याच्या आधीच यंत्रांकडे पोहोचलेली असते. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनुसार विमान कंपन्यांनी ती सीमाशुल्क विभागाला उड्डाणाच्या २४ तास आधी द्यायची आहे. यंत्राला चेहरा पाहून समजून घेता येत नाही. तिथे पासपोर्टवर आहे तेच, अक्षरागणिक, लिहिले पाहिजे. मुंबई विमानतळावर ऑगस्ट २०२३ पासून सुरू झालेल्या ‘डिजियात्रा’ या चेहरा ओळखून प्रवेश देणाऱ्या सोयीतही आधारवरील आणि बोर्डिंग पासवरील नाव वेगळे असेल तर प्रवेशद्वार उघडत नाही, पण ती सोय ऐच्छिक आहे आणि शेजारी माणूस तपासणी करणारी रांग असते. माझी तक्रार देशांतर्गत प्रवासाची आहे, जिथे निर्णय समोर उभा असलेला माणूस घेतो, आणि एकाच कागदावर एका शहरात एक आणि दुसऱ्या शहरात दुसरा निर्णय होतो.

अमेरिकेने २००९ पासून ‘सिक्युअर फ्लाइट’ या व्यवस्थेत पूर्ण नावाबरोबर जन्मतारीख आणि लिंग घेण्यास सुरुवात केली. एकाच नावाची अनेक माणसे असतात, आणि त्यांतल्या निरपराध माणसाला केवळ नावसाधर्म्यामुळे अडवले जाऊ नये, हे त्यामागचे एक कारण होते. आपल्याकडे देशांतर्गत तिकिटासाठी प्रौढ प्रवाशाची जन्मतारीख बहुतेक वेळा विचारलीच जात नाही. ती घेतली, तर तपासणी अधिक कडक होईल आणि त्याच वेळी स्पेलिंगच्या फरकाला घाबरण्याचे कारण उरणार नाही. आमच्या पिढीतील पुष्कळांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली हे खरे, आणि माझ्या रजिस्टरमध्येही तशा नोंदी पानोपानी आहेत. पण ती तारीख सर्व कागदांवर सारखीच असते, आणि जुळवणीसाठी तेवढे पुरते.

आता पैशाविषयी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत अशी तरतूद आहे की कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट तिकीट काढल्यापासून २४ तासांच्या आत चूक लक्षात आणून दिल्यास त्याच व्यक्तीच्या नावातील दुरुस्तीसाठी जादा शुल्क घेऊ नये. तरतूद चांगली आहे, पण ज्याला चूक दिसते तो प्रवासी सहसा तिकीट काढणारा नसतो. मुलगा, भाचा, सहल कंपनी किंवा कोपऱ्यावरचा एजंट तिकीट काढतो, आजी-आजोबांच्या हाती ते प्रवासाच्या आदल्या दिवशी पडते, आणि चूक असलीच तर ती काउंटरवर उघडकीस येते. तिकीट दुसऱ्याला विकले जाऊ नये म्हणून नाव बदलण्यावर कंपन्यांनी बंधन घालणे मी समजू शकते. पण ‘जी-वाय’चे ‘डी-एन-वाय’ केल्याने तिकीट दुसऱ्याचे होत नाही. माणूस तोच आहे हे ओळखपत्रावरून सिद्ध होत असेल, तर चेक-इन बंद होईपर्यंत ही दुरुस्ती विनाशुल्क झाली पाहिजे, मग तिकीट थेट कंपनीकडून घेतलेले असो वा एजंटकडून. आणि तरीही प्रवाशाला नाकारायचे असेल, तर कोणत्या नियमाखाली नाकारले ते वेळ आणि कर्मचाऱ्याच्या सहीसह लेखी द्यावे. आम्ही त्या दिवशी तसे मागितले होते, पण मिळाले नाही. वाचकांनी तिकीट काढताना नाव आठवणीने न सांगता जे ओळखपत्र सोबत नेणार तेच समोर ठेवून लिहावे, आणि तिकीट हाती येताच त्याच दिवशी ते अक्षर-अक्षर तपासावे, एवढी विनंती मी जाता जाता करते.

मुंबईला परतल्यावर भाच्याने केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवली. विमान कंपनीचे उत्तर आले की प्रवासाच्या अटींनुसार तिकिटावरील नाव बदलता येत नाही आणि नव्या तिकिटाची रक्कम परत मिळणार नाही. काउंटरवर आम्हाला दिलेले सुरक्षेचे कारण त्या उत्तरात कुठेही नाही. त्या उत्तराची आणि ताईच्या दोन्ही तिकिटांची प्रत, वैयक्तिक तपशील झाकून, या पत्रासोबत आपल्या माहितीसाठी जोडत आहे.

आपली,
एक निवृत्त शाळा लिपिक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई